दोन बटणांच्या मधला सूर

मंगल,

"कळलं की सांग," एवढं बोलून तू तेव्हा विषय संपवला होतास. मी सांगायला दोन वर्षं लावली, आणि तू जाऊनही आज बावीस दिवस झाले. माझं हे असंच. प्रॅक्टिसलाही सगळ्यात शेवटी मीच यायचो, बस मिळाली नाही म्हणून सांगायचो, आणि तू माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघून गिटार उचलायचीस.

तू कशी गेलीस, कुठे, किती वाजता, ते इथे लिहीत नाही. पेपरात आलं सगळं. पेपरात तुझं वय चुकलंय आणि 'सुप्रसिद्ध रॉक गायिका' असं छापलंय. ते वाचून तू नाक मुरडलं असतंस. आपलं गाणं गावोगाव वाजायला लागलं तरी बँकेच्या फॉर्मवर धंदा म्हणून तू मोटर रिवाइंडिंगच लिहीत होतीस. मी म्हणायचो, आता तरी कलाकार लिही. तू म्हणायचीस, कलाकाराला कर्ज देत नाहीत रे.

तुला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतोय. मी सातपूरला कारखान्यात सीएनसी मशीनवर होतो. आमच्या मशीनच्या पंपाची मोटर जळाली आणि सुपरवायझरने ती माझ्या गाडीवर बांधून तुमच्या शेडवर पाठवली. आत तांब्याच्या तारांची बंडलं, वार्निशचा वास, आणि एका चालू मोटरवर वाकलेली तू. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला लावलेलं, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मला वाटलं, ही बाई झोपलीय की काय. मग डोळे न उघडताच तू नानांना, म्हणजे तुझ्या वडिलांना, सांगितलंस की तिसऱ्या कॉइलमध्ये दोन-चार वेढे कमी पडलेत. नाना चाळीस वर्षं मोटरींत तार भरत आलेले. ते जरा चिडले. तरी त्यांनी मोटर खोलली, मोजलं, आणि गुपचूप पुन्हा भरायला घेतली. मी तिथे उभा बघतच राहिलो. नुसत्या आवाजावरून एवढं कळू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

भिंतीवर गिटार दिसली म्हणून मी बोलून गेलो की मी बेस गिटार वाजवतो. खरं तर मी तेव्हा बेस नुसता बाळगत होतो. तू म्हणालीस, शनिवारी ये.

आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी शनिवारी. प्रेस बंद, कॉम्प्रेसर बंद, रस्त्यावर कुत्री आणि आपण. इक्बाल पॉवर प्रेसवर कामाला होता, सहा दिवस प्रेसचे धक्के ऐकायचा आणि सातव्या दिवशी तेच ड्रमवर काढायचा. बँडला नाव काय द्यायचं यावर आपण दोन महिने डोकं खाजवलं. शेवटी समोरच्या गेटवरची पाटी बघून तू म्हणालीस, हेच ठेवू. 'शनिवार बंद'. मला ते तेव्हा अजिबात आवडलं नव्हतं. आता टी-शर्टवर छापून विकतात.

आता त्या हमिंगचं. बाहेरच्या लोकांना हे सांगायला गेलो की ते हसतात, म्हणून सविस्तरच लिहितो. नानांनी आपल्याला गिटारचा अँप्लिफायर, आपला अँप, करून दिला होता, जुन्या पॅनेलच्या पेटीत, इकडून तिकडून सामान काढून. शेडचं अर्थिंग धड नव्हतं. त्यामुळे अँप चालू केला की त्यातून कायम घुमण्याचा आवाज यायचा. दुसऱ्या कुणी आधी अर्थिंग दुरुस्त केलं असतं. तू मात्र गिटार त्या आवाजाला लावलीस. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत नानांची गायन पार्टी वस्त्यावस्त्यांतून गायची, त्यांच्या मांडीला मांडी लावून तू लहानाची मोठी झालेली. आधी एक सूर घुमत राहतो आणि मग माणूस गातो, हेच तुला ठाऊक. अँप घुमतोय ना, मग तोच आपला सा, असं तू म्हणालीस आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या. आम्हाला काय कळत होतं! सगळे बँड असंच करत असतील असं मला खरोखर वाटायचं.

नानांना एकदा विचारलं, हा सूर कुठला? त्यांनी पेटी काढली, पांढरी पाच दाबली, काळी चार दाबली, पुन्हा पांढरी पाच. मग भाता बंद करून म्हणाले, "पेटीत नाही सापडायचा. दोन बटणांच्या मधे आहे." विजेचाच सूर तो, देशभर सगळीकडे एकच. तू त्याला घरचा केलास.

कॉलेजांच्या कार्यक्रमांत आपली काय फजिती व्हायची. बाकीचे बँड स्टेजवर जराशी गुणगुण आली की साउंडवाल्याच्या अंगावर धावायचे. आपण खूश व्हायचो. आणि एखाद्या चांगल्या हॉलमध्ये अर्थिंग चोख असलं की आपले तिघांचे चेहरे पडायचे, कारण सूर घ्यायचा कुठून? त्या इंजिनियरिंग कॉलेजात तू गिटार गळ्यात घालून कँटीनमध्ये गेलीस आणि कोल्ड्रिंकच्या फ्रिजला कान लावून उभी राहिलीस. रांगेतली पोरं हात मागे घेऊन उभी. कुणाला फ्रिज उघडायची हिंमत होईना. तू शांतपणे सहा तारा लावल्यास, फ्रिजवर थाप मारलीस आणि स्टेजवर निघून गेलीस. त्या दिवशी तू 'हात कोणाचे' गायलीस आणि माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला.

'घड्याळ तुमचं, हात माझे, दुखले तर मग कोणाचे?' एवढंच तर गाणं. चार ओळी आणि आरडाओरडा. ते तू डबा खाताना वर्तमानपत्राच्या कागदावर लिहिलंस, आणि त्यावर भाजीचं तेल सांडलं होतं. तो कागद इक्बालने फ्रेम करून घेतलाय. तेलासकट.

मग ते सगळं झालं, जे आपल्यासारख्यांचं होत नसतं. कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं गाणं फिरत फिरत मुंबईला पोचलं आणि एका वेब सिरीजवाल्यांना ते शीर्षकगीत म्हणून हवं झालं. आपण तिघं मुंबईला गेलो. त्या स्टुडिओत चपला बाहेर काढाव्यात की नाही हे कळेना म्हणून इक्बालने त्या हातात धरल्या. तिथला रेकॉर्डिंगवाला भला माणूस होता, त्याने चहा पाजला. मग आपलं वाजवणं पडद्यावर बघून तो म्हणाला, तुम्ही तिघं बेसूर आहात, आणि गंमत म्हणजे तिघंही अगदी सारखेच बेसूर आहात. असं मी कधी पाहिलं नाही. त्याने सूर दाखवणारा ट्यूनर पुढे केला.

तू ट्यूनरला हात लावला नाहीस. तू त्याला समजावून सांगितलंस, गोडीत सांगितलंस, की हा आमचा सूर आहे. तो म्हणाला, मॅडम, पुढे सगळं संगीत या पट्टीत बसवलंय. तासभर चाललं. मग तू म्हणालीस, माझं गाऊन झालंय, सोमवारी दोन मोटरी द्यायच्या आहेत, आणि संध्याकाळची गाडी पकडून नाशिकला निघून आलीस. आम्ही दोघं राहिलो. आम्ही ट्यूनर लावून पुन्हा वाजवलं. तुझा आवाज तेवढा वरच राहिला. तो माणूस म्हणाला, कॉम्प्युटरवर जरासा खाली ओढून घेतो, करू का? इक्बाल माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, करा.

कुणी माझा हात पिरगळला नव्हता. मला ते हवं होतं, मंगल. आठ वर्षं शेडमध्ये घाम गाळून मला एकदा तरी आपलं नाव पडद्यावर बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला दोन्हीत फरकच ऐकू येत नव्हता.

सिरीज आली त्या दिवशी तू शेडमध्ये उभ्या उभ्या ते फोनवर ऐकलंस. शेवटपर्यंत ऐकलंस. मग मला विचारलंस, "दिन्या, ही कोण बाई गातेय?"

मी हसण्यावारी न्यायला गेलो. म्हणालो, जरासं तर खाली आणलंय, एवढंसं कुणाला कळतंय?

"मला कळतंय," तू म्हणालीस. आणि मग तेच, "तुला कळलं की सांग."

बस. त्यावर तू कधी भांडली नाहीस, अबोला धरला नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. गाणं सुटलं होतं सुसाट. रिक्षात, जिममध्ये, फोनच्या रिंगा. नांदगावला माझ्या मावसभावाच्या वरातीत डीजेवाल्याने ते लावलं आणि नवरदेव घोड्यावरून उतरून 'हात कोणाचे' म्हणून नाचला, तेव्हा तू हसून हसून खाली बसलीस. लोक आपल्याला ओळखू लागले, आपल्यासारख्या गावठी बँडना आता मोठ्या फेस्टिव्हलांना बोलावू लागले. तू प्रत्येक ठिकाणी गेलीस आणि प्रत्येक ठिकाणी आपल्याच सुरात गायलीस. ट्यूनर माझ्या खिशात असायचा. तू बघत नसलीस की मी तो लावून बघायचो आणि पुन्हा तुझ्या सुरावर यायचो. हे तुला माहीत होतं का? असणारच. तुला दोन-चार वेढे कळायचे.

आता मागच्या पंधरा दिवसांचं सांगतो.

गंगापूर रोडच्या मैदानावरचा कार्यक्रम आधीपासून ठरलेला होता. तू गेल्यावर मला वाटलं रद्द होईल. तर मुंबईहून सिरीजवाल्यांचा फोन आला की रद्द नको, श्रद्धांजली करू. तुझा सिरीजमधला आवाज मोठ्या स्पीकरवर सोडायचा, मागे तुझा फोटो, आणि दिनेश-इक्बाल, तुम्ही त्यावर वाजवायचं. सगळे रडतील, म्हणाले. मी हो म्हणालो. पुन्हा हो म्हणालो बघ. फक्त म्हटलं की नानांना विचारून घेतो.

शनिवारी शेडवर गेलो. नानांना तू गेल्यापासून आणखीच कमी ऐकू येतंय. ते एका मोटरपाशी बसले होते. पाच एचपीची, तू भरलेली शेवटची. वार्निश वाळून तयार होती, आणि तिचा मालक ती न्यायला आला होता. सटाण्याकडचे हिरामण आप्पा, कांद्याला पाणी द्यायचं म्हणून घाईत. तुझं त्यांना तिथे आल्यावरच कळलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवून ते बसले होते.

मी नानांना जोरात बोलून कार्यक्रमाचं सांगितलं आणि फोनवर तो तुझा आवाज लावला, नुसता आवाज, मागचं वाजवणं काढलेला. नानांनी फोन कानाला लावला, मग मान हलवली. त्यांना नीट ऐकूच येत नव्हतं. मी फोन खाली ठेवला तरी तू गातच होतीस.

आप्पा म्हणाले, "ही ती बाई नही शे."

मी म्हटलं, आप्पा, हीच आहे, मंगलच आहे. त्यांनी मान हलवली. मोटर टाकायला आले तेव्हा आणि चौकशीला आले तेव्हा, दोन वेळा त्यांनी तुला काम करताना गुणगुणताना ऐकलं होतं. तिचा आवाज या मोटरींमध्ये मिसळायचा, म्हणाले. हा मिसळत नाही. त्या माणसाने आपलं गाणं जन्मात ऐकलेलं नव्हतं. बँड म्हणजे त्यांच्या लेखी लग्नातला.

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दोन वर्षांपूर्वी मी तुला विचारलं होतं ना, एवढंसं कुणाला कळतंय? हे बघ, बागलाणातल्या एका कांदेवाल्याला कळतंय.

नानांनी मोटर चालू केली. घुमायला लागली. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला, ऐकायचं आता त्यांचं हातानेच चालतं, आणि म्हणाले, "चांगली भरलीय." तेवढंच. मी शेडच्या मागे जाऊन रडलो, ते तू गेल्यापासूनचं पहिलं.

परत येऊन मी आप्पांना हात जोडले. म्हटलं, मोटर उद्या संध्याकाळपर्यंत ठेवा, मला स्टेजवर लागतेय. आप्पांना काही उमजलं नाही, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. या आठवड्यात त्यांच्याकडे शेतीची लाइट दिवसाची होती, म्हणजे एक दिवस पाणी हुकणार होतं. ते म्हणाले, ठेवतो, पण मोटर सोडून मी जाणार नाही. मग ते आणि मोटर दोघंही इक्बालच्या घरी मुक्कामाला राहिले.

मुंबईवाल्यांना मी कळवलं की आवाज सोडायचा नाही. ते खूप बोलले. इतक्या लोकांसमोर गाणार कोण? मी म्हटलं, माहीत नाही.

मैदानावर मोटर स्टेजच्या मधोमध ठेवली, जिथे तू उभी राहायचीस तिथे, आणि तिच्यासमोर तुझा माइक. साउंडवाली पोरं एकमेकांकडे बघत होती. मोटर चालू केली. सूर वेगळाच! तिथे वीज जनरेटरची, आणि जनरेटर किंचित जोरात पळत होता. इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून एवढं मला लगेच कळलं, हे ऐकून तुला बरं वाटेल.

नानांना आम्ही स्टेजच्या कडेला बसवलं होतं, ते खुर्चीतून उठले. मोटरीवर हात ठेवून त्यांनी इक्बालला जनरेटरपाशी पाठवलं. जुना जनरेटर होता, त्याचा वेग कमी करायचा स्क्रू होता. नाना बोटाने खुणा करत होते, इक्बाल मैदानापलीकडून बघून ऑपरेटरला सांगत होता. अजून खाली. अजून. थोडं वर. नानांनी डोळे मिटले होते, तू मिटायचीस तसेच. मग त्यांनी मूठ बंद केली. ऑपरेटर नंतर मला हाताला धरून मीटर दाखवायला घेऊन गेला. काटा बरोबर पन्नासवर होता, घरच्या विजेच्या आकड्यावर. तो म्हणाला, हे बाबा कोण आहेत? मी म्हटलं, गायन पार्टीवाले आहेत.

स्टेजवरचे दिवे, स्पीकर, पंखे, मागचा तुझा फोटो उजळणारा पडदा, सगळं त्या एका जनरेटरवर चालत होतं. त्या संध्याकाळी ते अख्खं स्टेज तुझ्या सुरात होतं, मंगल. मी बेस हातात घेऊन नुसता उभा राहिलो.

आम्ही काही सांगितलं नाही. मोटर घुमत राहिली, मोठ्या स्पीकरमधून, सबंध मैदानावर. आधी लोकांना वाटलं बिघाड झाला. शिट्ट्या वाजल्या. मग पुढे डावीकडे आपल्या सातपूरचे लोक होते, पहिल्या पाळीतून थेट आलेले, कंपनीच्या शर्टांत. ते आधी शांत झाले. त्यांनी ओळखला तो आवाज. मी बेसच्या तारा मोटरीला लावल्या, सगळ्यांसमोर, घाई न करता. ट्यूनर खिशात नव्हताच. इक्बालने चार ठोके दिले, आणि तुझी ओळ आली तेव्हा मी तोंड बंद ठेवलं.

ते गायले. हजारो लोक गायले गं, 'घड्याळ तुमचं, हात माझे', आणि ते सिरीजमधल्या पट्टीत गेले नाहीत. मोटर घुमत होती, ते मोटरीवर आले. पेटीत नसलेल्या त्या सुरावर, दोन बटणांच्या मधे, सगळेच्या सगळे. तेव्हा मला फरक ऐकू आला. दोन वर्षांपूर्वी मी कशाला 'करा' म्हणालो होतो, ते पहिल्यांदा माझ्या कानांना कळलं. वाजवता वाजवता मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की कुठलं काय ते अजून वेगळं करता येत नाही. आप्पा स्टेजच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते, एक डोळा मोटरीवर. गाणं संपलं, त्यांनी स्वतः स्विच बंद केला, मोटर गरम झाली का ते हात लावून पाहिलं, आणि पिकअपमध्ये चढवून सटाण्याला घेऊन गेले.

नाना बरे आहेत. शेड चालू ठेवणार म्हणतात. आम्ही दोघं शनिवारी जातो. अर्थिंग दुरुस्त करू देत नाही.

काल सकाळी आप्पांचा फोन आला. मोटर विहिरीवर बसवली होती, कांद्याला पाणी सुरू होतं. "चालू शे, ऐक," म्हणाले आणि फोन मोटरीपाशी नेला. मी फोन टेबलावर ठेवला आणि बेस उचलला. कार्यक्रमानंतर त्याला हात लावला नव्हता. सगळ्यात बारीक तार छेडली. ती मोटरीच्या सुरातच होती, खुंटी फिरवावी लागली नाही.

आप्पांनी विचारलं, बरोबर शे ना?

मी म्हणालो, बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वी शेडमध्ये तू 'मला कळतंय' म्हणालीस, तेव्हा हेच मी तुला म्हणायला हवं होतं.